मेलेल्याला उशी नसते

मामा, तुम्ही जाऊन आज एकवीस दिवस झाले आणि मी अजून रोज तुमचा श्वास ऐकते आहे.

हे मनाला भास होतात वगैरे प्रकारातलं नाही. माझं पोटापाण्याचं कामच ते आहे. समोर पडदा, पडद्यावर आपला पिक्चर, पिक्चरमध्ये तुम्ही तिरडीवर आडवे, आणि तुमच्या सदऱ्याच्या आत, छातीवर, मीच चिकटपट्टीनं बसवलेला बोटाच्या पेराएवढा माइक. त्या माइकातून तुमचं बोलणं येतं, कापडाची सळसळ येते, आणि बोलणं थांबलं की मागं उरतो श्वास. आत जाताना बारीक शिट्टी. बाहेर येताना तळाशी बुडबुड, चहाचं आधण उकळायच्या आधी भांडं करतं तशी. शूटिंगच्या सातव्या दिवशी ती मला पहिल्यांदा ऐकू आली. त्यानंतर सतरा दिवस शूटिंग चाललं, मग दोन महिने गेले, मग तुम्ही गेलात. एवढ्या काळात तुम्ही आजारी असाल असं मी कुणालाही बोलले नाही.

आणि आता तुमच्या प्रज्ञानं माझ्याकडं तुमचं सगळं रेकॉर्डिंग मागितलं आहे.

तुमच्या जलदान विधीच्या दिवशी, जेवणं उरकल्यावर, ती माझ्याशेजारी येऊन बसली. ‘सगळं द्या ताई,’ म्हणाली. ‘नुसतं पिक्चरमधलं नको. मधलंअधलं, बोलता बोलता भरलेलं, जे असंल ते.’ दुसऱ्या कुणी मागितलं असतं तर मी त्याच दिवशी देऊन टाकलं असतं. पण तुमची मुलगी पुण्याच्या एका दवाखान्यात हृदयाच्या वॉर्डात नर्स आहे, मामा. बारा वर्षं ती हेच आवाज ऐकते आहे. पहिल्या दोन मिनिटांत तिला कळेल की तिचा बाप आजारी होता. तिसऱ्या मिनिटाला कळेल की ते मला ऐकू येत होतं.

म्हणून तुमच्याशी बोलत बसले आहे. हे दुसऱ्या कुणाला विचारण्यासारखं नाही.

आपली पहिली भेट आठवते? चिकलठाण्याला, त्या बंद कंपनीच्या गेटवर. अमोलला त्याच्या पिक्चरसाठी जागा हवी होती. दिग्दर्शक तो असला तरी जागा बघायला मला बरोबर नेतो, कारण डोळ्यांना झकास दिसणारी जागा कानांना नरक असू शकते. तुम्ही स्टुलावर बसला होतात, अंगात खाकी, मांडीवर वही. आत सोडायच्या आधी आमची नावं लिहून घेतलीत, गाडीचा नंबर घेतलात, कारण विचारलंत.

‘पिक्चर काढायचाय,’ अमोल म्हणाला.

‘कशावर?’

‘बंद कंपनीत राहणाऱ्या चार बिनकामाच्या माणसांवर.’

‘मग आत जायची काय गरज हाय?’ तुम्ही म्हणालात. ‘एक तर हा गेटवरच बसलाय.’

त्या वाक्यावर अमोल फिदा झाला. त्यानं वॉचमनच्या कामासाठी शहरातला एक नावाजलेला नट ठरवला होता, बिचाऱ्याच्या खाकीचं मापही घेऊन झालं होतं. त्याला नारळ मिळाला. तुम्ही त्याच कंपनीत तीस वर्षं भट्टीवर काम केलेलं. कंपनी बंद पडल्यावर बाकीचे पांगले आणि तुम्ही गेट सांभाळायला राहिलात. फर्दापूरकडच्या गावात तरुणपणी जलशात गायलेले असल्यामुळं चारचौघांत उभं राहायची भीड नव्हती. ‘वॉचमनचं काम वॉचमन करंल, त्याला नट कशाला लागतो?’ एवढं बोलून तुम्ही मोकळे.

आमचा पिक्चर विनोदी आहे, असं आम्ही सगळ्यांना सांगत होतो. गोष्ट ऐकून लोक हसायचेही. एक भंगार वेचणारी बाई, एक तुरुंगातून सुटून आलेला न्हावी, लग्नाच्या बँडमधून हाकललेला एक बिगुलवाला आणि एक म्हातारा वॉचमन. कंपनीची जागा विकली जाणार, चौघं उघड्यावर येणार. जाण्याआधी आतली तांब्याची तार बाहेर काढायची, तर रस्त्यावर नव्या मालकाचा पहारा. मग न्हाव्याच्या डोक्यात येतं की सगळं अडवतात, पण तिरडी कुणी अडवत नाही. वॉचमनला तिरडीवर निजवायचं, तार त्याच्या अंगाखाली, वरून पांढरं कापड. चौघं बाहेर तर पडतात, पण रस्त्यात लोक सामील व्हायला लागतात. दुकानदार शटर अर्धं खाली ओढतात. ज्यांनी या माणसाला कधी पाणी विचारलं नाही ते डोळे पुसतात, खांदा द्यायला पुढं होतात. स्मशानात पोचेपर्यंत शे-दीडशे माणूस. तिथं भाषणं सुरू होतात. आणि आता मेलेल्यानं उठायचं कसं?

रस्त्यावरचं शूटिंग आपण खरोखरच्या गर्दीत केलं, कॅमेरा टेम्पोत लपवून. खांद्यावरून चाललेला माणूस जिवंत आहे हे फक्त आपल्या माणसांना माहीत. रफीकभाईंच्या चहाच्या टपरीपाशी एक अनोळखी गृहस्थ तिरडीला खांदा देत शेजारच्याला म्हणाला, ‘लई देवमाणूस होता.’ कापडाखाली तुम्ही खुदकन हसलात. ते फक्त मला ऐकू आलं. त्या दिवशी मला माझ्या धंद्याचा एवढा आनंद झाला होता. शेकडो माणसांत मेलेला माणूस हसतोय आणि ते एकट्या माझ्या कानात आहे, म्हणून मी टेम्पोत बसून तोंडावर हात दाबून हसत होते.

मला सगळं ऐकू येतं, हा माझा माज होता मामा. तुम्हीच मला नाव ठेवलं होतं, कानवाल्या ताई. चार खोल्यांपलीकडचा फ्रिज बंद करायला लावणारी, कुणाच्या बांगड्या काढायला लावणारी, दोन गल्ल्यांवरच्या कुत्र्यासाठी शॉट थांबवणारी. प्रत्येक जागी काम संपलं की मी सगळ्यांना अर्धा मिनिट गप्प उभं करून त्या जागेची शांतता माइकात भरून घ्यायची. ‘हे रिकामं कशाला भरून नेता वो ताई?’ तुम्ही विचारलंत. मी समजावून सांगितलं की प्रत्येक जागेची शांतता वेगळी असते, नंतर तुकडे जोडायला ती लागते. तुम्ही मान डोलावलीत आणि त्या अर्ध्या मिनिटात बरोबर खोकलात. चोवीस दिवसांत एकदाही तुमच्यामुळं मला ती शांतता धड मिळाली नाही. मी किती चिडायची तुमच्यावर.

विमानतळ जवळ, त्यामुळं दर थोड्या वेळानं काम थांबायचं. तुम्हाला सगळी विमानं पाठ. ‘थांबा, दिल्लीचं यायचंय,’ म्हणायचात, आणि खरंच यायचं. विमान आलं की तुम्ही तिरडीवरून उठून बसायचात, दोन्ही हात गुडघ्यांवर टेकून, मान खाली घालून. विमान जाऊन आभाळ मोकळं झालं तरी तुम्ही म्हणायचात, ‘अजून हाय, ऐका, अजून हाय.’ मला काही ऐकू यायचं नाही. मी म्हणायची, मामा, माझ्यापेक्षा तुमचे कान तिखट आहेत. आता कळतं की तुम्ही वेळ काढत होतात.

सातव्या दिवशी मी तुम्हाला विचारलं तरी होतं. माइक काढताना. ‘मामा, छातीत काही होतंय का? शिट्टी वाजते आहे.’

‘तीस वर्सं धूळ खाल्ली ताई. ती बोलती कवा कवा.’

‘डॉक्टरला दाखवा ना.’

‘दावू की. पिक्चर होऊ द्या.’

एवढंच. मी माइक डबीत ठेवला, अमोलकडं गेले आणि म्हटलं, मामांच्या श्वासाचा आवाज येतो आहे, पण काळजी नको, नंतर साफ करता येईल. ‘साफ’ हा माझा शब्द. माणूस आजारी आहे हे ऐकून मी त्याचा डाग कसा काढायचा याचा विचार केला. दुसऱ्या कुणाला ती शिट्टी ऐकूच आली नव्हती, त्यामुळं बाकी कुणाला दोषही देता येत नाही.

मामींनीसुद्धा सांगितलं होतं. दहाव्या-बाराव्या दिवशी तुम्ही मला घरी जेवायला नेलंत. मामी भाकरी थापत होत्या. तुम्ही हात धुवायला बाहेर गेल्यावर त्या हळूच म्हणाल्या, ‘ताई, ह्यांला लई येळ आडवं नका ठिवत जाऊ.’ मला वाटलं, जिवंत माणसाला तिरडीवर निजवतात म्हणून त्यांना अपशकुनाची भीती वाटते. शिकलेल्या शहरी बाईनं जसं हसावं तसं मी हसले आणि म्हटलं, ‘मामी, खोटं खोटं असतं हो ते.’ त्यांनी मला भाकरी वाढली. तुम्ही घरी भिंतीला टेकून, बसल्या बसल्या झोपता हे मला नंतर कळलं, तुम्ही गेल्यावर. मामींनी ती भिंतही दाखवली मला. तुमच्या डोक्याच्या तेलाचा गोल डाग पडलाय तिथं.

मग तो उशीचा दिवस. स्मशानातल्या भाषणांचं दृश्य, शेवटचं. तुम्ही सकाळपासून तिरडीवर. मी माइक नीट करायला वाकले तेव्हा तुम्ही म्हणालात, ‘ताई, डोक्याखाली उशी मिळंल का एखादी?’

आणि मी, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात, म्हणाले, ‘मामा, मेलेल्याला उशी नसते.’

काय हशा पिकला! न्हावी झालेला पोरगा पोट धरून खाली बसला, अमोलच्या डोळ्यांत पाणी आलं. तुम्ही सगळ्यांत जास्त हसलात. हसू आवरेना तुम्हाला, अंग गदगदा हलत होतं, अमोलला पाच मिनिटं थांबावं लागलं. मग तो म्हणाला की हे वाक्य पिक्चरमध्ये घ्यायलाच हवं. तुम्ही हात वर करून ‘घ्या, घ्या’ अशी खूण केलीत. वाक्य घेतलं. उशी दिली नाही. कॅमेऱ्यात दिसली असती.

याच दृश्यावरून आपलं एक भांडण चालू होतं, ते मात्र मिटलं नाही. अमोलला वाटत होतं की भाषणं चालू असताना तिरडीवरून काहीच आवाज येऊ नये. प्रेक्षकाच्या मनात क्षणभर शंका यावी की हा खरंच गेला की काय, आणि शेवटपर्यंत ती फिटू नये. मलाही तेच पटलं होतं. तुम्ही पाय रोवून उभे राहिलात. तीन दिवस, चहाच्या वेळी, जेवणाच्या वेळी, गाडीत.

‘ह्याचा श्वास ऐकू आला पायजे,’ तुम्ही म्हणायचात.

‘का पण मामा? मजा जाईल त्यातली.’

‘जाऊ द्या. लोक ह्याच्यावर भाषणं ठोकायलेत. तो मेला म्हणूनच ठोकायलेत ना? आन् तुम्ही बी त्याला मारून टाकायले. मग त्यांच्यात आन् तुमच्यात फरक काय ऱ्हायला? इतकी माणसं हाईत तिथं, एकाला तरी ऐकू यावं का नाय, का हा गडी श्वास घ्यायलाय म्हणून?’

अमोलनं हात जोडले. शेवटच्या दिवशी, सामान गाडीत भरताना, तुम्ही माझ्याजवळ आलात. ‘ताई, ते तुमच्या हातात हाय. अमोलसायबाला कळणार बी नाय. ठिवा थोडा.’ मी म्हटलं, ‘बघू.’ मनात ठरवून टाकलं होतं की काढायचा. तुम्हाला ते माझ्या तोंडावर दिसलं असणार, कारण तुम्ही फक्त ‘व्हय, बघा’ म्हणालात आणि गेट लावायला निघून गेलात. तुमच्या तोंडून मी प्रत्यक्ष ऐकलेलं ते शेवटचं. त्यानंतरचे दोन महिने मी तुमच्या आवाजाबरोबर या खोलीत बसून होते, आणि तुम्हाला एक फोन करावा हे मला सुचलं नाही.

मी किती नीट काम केलं ते ऐका. तुमच्या प्रत्येक वाक्याच्या मागचापुढचा श्वास मी कापला. जिथं कापता आला नाही तिथं तुमच्या खोकल्याआधी मिळालेला त्या जागेच्या शांततेचा तुकडा पांघरला. दोन महिन्यांत मी तुम्हाला इतकं स्वच्छ केलं की पडद्यावर तुम्ही बोलता, चालता, आणि छाती नसल्यासारखे वाटता. काम पूर्ण झालं त्या दिवशी मी खूश होते. दुसऱ्या दिवशी सकाळी अमोलचा फोन आला की मामा गेले. भिंतीला टेकून बसले होते, मामी चहा घेऊन आल्या तर संपलेलं होतं.

तुमची खरी तिरडी निघाली ती त्याच रस्त्यानं. दुसरा रस्ताच नाही. पांढऱ्या कपड्यातली माणसं, त्रिसरण म्हणत चाललेली, आणि मी बाजूनं चालले होते. वळणावर दोन पोरी मोबाइल काढून उभ्या राहिल्या, कॅमेरा कुठं आहे ते शोधत होत्या. रफीकभाई टपरीतून फडकं खांद्यावर टाकत बाहेर आले आणि मोठ्यानं ओरडले, ‘क्या मामू! आज कित्ते टेक होनेवाले?’ ते हसत हसत आणखी जवळ आले, त्यांनी तुमच्या चेहऱ्याकडं पाहिलं, मग प्रज्ञाकडं. त्यांच्या हातातला ग्लास तसाच राहिला. ‘या अल्ला,’ म्हणाले, ग्लास दुभाजकावर ठेवला आणि खांदा द्यायला आले.

आणि मी काय करत होते सांगू? मी ऐकत होते. तिरडीला जेवढं जवळून चालता येईल तेवढं जवळून चालत, कान लावून. मला आशा होती असं नाही. सवय होती. सतरा दिवस मी कापडाखालून तो आवाज ऐकला होता. त्या दिवशी घोषणा, पावलं, एक ट्रक, वरून जाणारं एक विमान, आणि कापडाखाली काहीच नाही. तुमच्यामुळं मला कधी न मिळालेली ती शांतता आता मिळत होती. मी तिथंच रस्त्यात दोन्ही कान दाबून थांबले. अमोलनं धरलं, त्याला वाटलं ऊन लागलं.

प्रज्ञानं रेकॉर्डिंग मागितल्यापासून मी दोन पेनड्राइव्ह तयार केले. एकात कच्चं, जसं भरलं तसं. दुसऱ्यात साफ केलेलं. दुसरा जास्त मेहनतीनं केला. त्यात तुमचे विनोद ठेवले, तुमची जलशातली गाणी ठेवली, आणि उशीचा सगळा प्रसंग काढून टाकला. मी स्वतःला समजावत होते की तिला त्रास कशाला. बापाचा गोड आवाज तिच्याजवळ राहू दे. हे खोटं आहे हे मला माहीत होतं, मामा. मला तिचा त्रास वाचवायचा नव्हता, माझी मान वाचवायची होती.

परवा ती आली. सकाळी अकराला, मामींचं दवाखान्याचं काम उरकून. मी चहा केला. साफ केलेला पेनड्राइव्ह टेबलावर ठेवलेलाच होता, तो तिच्यापुढं सरकवला.

‘हे सगळंय ना?’ तिनं विचारलं.

‘हो.’

तिनं तो पर्समध्ये टाकला. पर्सची साखळी लावली. तुमच्यासारखीच बसते ती, दोन्ही हात गुडघ्यांवर. माझ्यानं राहवलं नाही.

‘नाही,’ मी म्हटलं. ‘हे सगळं नाहीये.’

तिला माझ्या खुर्चीत बसवलं. हेडफोन दिला. कच्चं लावलं, शेवटच्या दिवसाचं. सुरुवातीला तुम्ही न्हाव्याची खेचत होतात, ती हसली. मग तिचं हसू कमी होत गेलं आणि तिनं मनगटावरच्या घड्याळाकडं नजर लावली. ओठ हलत होते. ती मोजत होती. पूर्ण एक मिनिट. मग माझ्याकडं न बघता म्हणाली, ‘हे आडवे हाईत का?’

‘हो.’

‘सपाट?’

‘हो.’

‘किती वेळ?’

‘मधे मधे उठायचे. पण सकाळपासून.’

‘डोक्याखाली काय व्हतं?’

मी सांगायची गरज नव्हती. रेकॉर्डिंग पडद्यावर रेघांमध्ये दिसतं. बोलणं बारीक दिसतं, हशा जाड ठोकळ्यासारखा दिसतो. तो ठोकळा मला उजवीकडून सरकत येताना दिसत होता. तिला अजून माहीत नव्हतं. बटण माझ्या हाताखाली होतं, दाबलं असतं तर थांबलं असतं. मी हात मागं घेतला.

तिनं ऐकलं. मागं नेलं. पुन्हा ऐकलं. तिसऱ्यांदा ऐकताना तिनं डोळे मिटले होते. मग हेडफोन काढून मांडीवर ठेवला.

‘उशी नसते म्हणणारा आवाज तुमचा हाय.’

‘हो.’

‘मागं कोण हसतंय?’

‘सगळेच. मामापण. मामा तर सगळ्यांत जास्त हसले त्या दिवशी, त्यांना—’

‘बाबा नाय हसत,’ प्रज्ञा म्हणाली. ‘दम कोंडलाय त्यांचा. नीट ऐका.’

तिनं हेडफोन माझ्यापुढं धरला. मी ऐकलं. माझ्या वाक्यापर्यंत आपण सगळे आहोत, मग हशा उठतो, आणि त्या हशाच्या खाली, तुमच्या छातीवरच्या माइकात, हसण्याचा एकही आवाज नाही. श्वास आत घेताना अडकतो आहे, पुन्हा अडकतो आहे, पुन्हा. तुम्ही ‘घ्या, घ्या’ म्हणून हात वर केला नव्हता, मामा. तुम्हाला कुणीतरी उठवून बसवायला हवं होतं. हे रेकॉर्डिंग मी दोन महिन्यांत निदान चाळीस वेळा ऐकलं असेल. दर वेळी मी तुमच्याबरोबर हसले.

मी रडायला लागले. प्रज्ञा रडली नाही. तिनं मला पाणीही दिलं नाही, आणि ते बरोबरच केलं. ‘तुम्हाला ऐकू येत व्हतं,’ एवढंच म्हणाली. विचारलं नाही, सांगितलं. मी मान हलवली.

मग तिनं विचारलं, ‘पिक्चरमध्ये हे ऱ्हाणार का?’

‘वाक्य राहणार. श्वास मी काढलाय.’

‘परत टाका.’

‘टाकते.’

‘त्या भाषणांच्या वेळचा बी. बाबा म्हणले व्हते मला फोनवर, का ताई ठिवणारेत म्हणून.’ तुम्ही तिला असं सांगितलं होतंत? मी ‘बघू’ म्हटलं होतं, मामा, फक्त बघू. ‘आन् तुमचं नाव येतं का पिक्चरमध्ये?’

‘अगदी शेवटी येतं. आवाजाचं काम म्हणून.’

‘शेवटी नको,’ ती उठत म्हणाली. ‘बाबा श्वास घेतेत ना, तिथं टाका.’

तिनं पर्समधून साफ केलेला पेनड्राइव्ह काढून टेबलावर ठेवला, कच्चा उचलला आणि गेली. दारापर्यंत सोडायला गेले तर मागं वळून पाहिलं नाही.

काल दिवसभर बसून मी तुमचा श्वास परत ठेवला. एक एक, जिथून उचलला होता तिथं. संध्याकाळी अमोलला शेवटचं दृश्य दाखवलं. भाषणं चालू आहेत, लोक डोळे पुसताहेत, आणि तिरडीवरून ती शिट्टी येते, मग तळची बुडबुड, मग पुन्हा शिट्टी. अमोल दोन्ही हात डोक्याला लावून बसून राहिला. पिक्चर संपल्यावर म्हणाला, ‘इथं आता कुणी हसणार नाही गं.’

‘माहीत आहे,’ मी म्हटलं. ‘माझं नाव इथंच येऊ दे.’